एप्पत्तु की एंबत्तु

"बाजार म्हटला की गोंगाट आलाच की."

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर हे वाक्य आलं, त्यावर भराभर अंगठे उमटले, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. निमित्त साधं होतं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका नव्या व्यापारी संकुलात आमच्या एका डॉक्टर मैत्रिणीचा दवाखाना आहे. खाली हॉटेल, वर कोचिंग क्लास, मागच्या बोळात जनरेटर. तिने लिहिलं, स्टेथोस्कोप लावूनही छातीतला आवाज धड कळत नाही, आणि पार्टिशनपलीकडच्या बाकावरच्या लोकांना मात्र आतल्या पेशंटचं सगळं दुखणं ऐकू जातं. त्यावर तिला हे उत्तर मिळालं. मी दोन ओळी लिहिल्या, तर मला मिळालं, "तू तिकडं जर्मनीत बसून आम्हाला शिकवालीस होय गे?" आणि अर्ध्या तासात सगळी चर्चा दुकानांच्या पाट्यांवर गेली. कन्नड 60 टक्के, मराठी कुठे, इंग्रजी किती.

पाट्यांचा विषय मला क्षुल्लक वाटतो असं कुणी समजू नये. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरला जी काळ्या दिनाची फेरी निघते, तिच्यात मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली मुलगी आहे. पण पाटी बाहेर असते. आत गेल्यावर माणूस बोलतो आणि ऐकतो, आणि आमच्या नव्या इमारतींमध्ये नेमकं तेच होत नाही.

मागच्या डिसेंबरात बाबांबरोबर बँकेत गेले होते. नवी शाखा, समोर पूर्ण काच, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना ग्रॅनाइट, वर पीओपीचं सपाट सीलिंग. बाबांचं टोकन 80. पुकारा कन्नडमध्ये. कन्नडमध्ये सत्तर म्हणजे एप्पत्तु आणि ऐंशी म्हणजे एंबत्तु. फरक मधल्या एका व्यंजनाचा. त्या हॉलमध्ये दोन्ही 'ए..अत्तु' असंच ऐकू येत होतं. बाबा सत्तरलाच उठले, काउंटरवर गेले, परत पाठवले गेले. ऐंशी आला तेव्हा ओशाळून बसूनच राहिले. मग क्लार्क हिंदीत ओरडला, बाबा मराठीत ओरडले, मागच्या रांगेतलं कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं. बाबांना कन्नड येतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं काढली, निम्मे सोबती कन्नडच होते. पण त्याच फाउंड्रीने त्यांच्या कानाचे वरचे सूर नेले. क, त, प, स यांसारख्या व्यंजनांचा जोर तिथेच असतो. स्वर ऐकू येतात, शब्द ऐकू येत नाहीत.

मी तो हॉल पावलांनी मोजला. साधारण 12 मीटर लांब, 10 रुंद, 4 उंच. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते, म्हणून वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणून प्रयोग केले आणि खोलीत आवाज विरायला किती वेळ लागतो याचं एक सूत्र काढलं. खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले आतलं एकूण शोषण, म्हणजे भिंती, छत, सामान मिळून किती आवाज पितात ते. त्या सूत्राने बँकेतला आवाज विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. एका सेकंदात माणूस चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे नवं अक्षर येतं तेव्हा आधीची दहा-बारा अजून हवेत असतात, आणि मोठा स्वर पुढच्या बारीक व्यंजनावर बसतो. त्याच सीलिंगला सपाट पीओपीऐवजी छिद्रांचे बोर्ड लावून मागे लोकर भरली, तर हिशोब पाऊण सेकंदाच्या आत येतो. भिंती तशाच, काच तशीच. सीलिंग तर त्यांनी केलंच होतं, पैसे गेलेच होते.

जर्मनीतलं माझं काम हेच आहे, खोल्यांमधल्या आवाजाचं, म्हणून मला हे दिसतं. आमच्या ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कामांच्या कचेरीत, नंबर पडद्यावर येतो, बारीक घंटा वाजते, काउंटरमध्ये नमद्याच्या पडद्या आहेत, आणि शेजारच्याला तुमचा जन्मदिनांक ऐकू जात नाही. मध्यवस्तीतल्या दुकानाच्या यंत्राला शेजाऱ्याच्या खिडकीपाशी रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि ती पाळली जाते. एकदा आमच्याच ऑफिसच्या छतावरच्या पंख्यासाठी हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, तीन पत्रं आली होती. आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागाला दिवसा 65 आणि रात्री 55 लिहिलंय. जनरेटरच्या पेटीपासून एक मीटरवर 75 ची मर्यादा आहे. पण जनरेटर थेट स्लॅबला बोल्टने आवळला की हादरा कॉलममधून वर चढतो, तिथे पेटी काय करणार? खाली रबराचे पॅड किंवा स्प्रिंग लागतात. दवाखान्याचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत न थांबवता स्लॅबपर्यंत न्यावं लागतं, फटी बुजवाव्या लागतात. यातलं काहीही जर्मन नाही. बेळगावचा कुठलाही सुतार हे करू शकतो.

आणि "बाजार म्हटला की गोंगाट आलाच" हे तर आमच्याच बाजाराबद्दल खोटं आहे. आईबरोबर शहापूरला साड्या घ्यायला जायचे तेव्हा दुकानात गादीवर बसायचं. पांढरी चादर, पाठीला लोड, तिन्ही बाजूंना छतापर्यंत कापडाच्या घड्या, वर लाकडी माळा आणि कौलं. बाहेर रिक्षा, सायकली, भाजीवाल्या. आत दुकानदार कुजबुजल्यासारखा भाव सांगायचा आणि आई त्याहून हळू तो पाडायची. निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये, आणि एकही शब्द दोनदा सांगावा लागत नसे. कापड आणि कापूस आवाज पीत होते. ती दुकानं आता काचेची झाली, गाद्या गेल्या, आणि गोंगाट हा आमचा स्वभाव ठरला. शाळेच्या सहलीत विजापूरला गोलघुमटात टाळी वाजवली होती, ती कितीतरी वेळा परत आली. आदिलशहाच्या कबरीवर तो घुमट शोभतो. पासबुक भरायच्या जागी नको.

इथे आले त्या वर्षी कँटीनमध्ये सहकारी काय बोलतात ते मला कळत नसे. फ्युन्फत्सेन आणि फ्युन्फत्सिश, पंधरा आणि पन्नास, मी नेहमी चुकायचे. त्याच लोकांबरोबर गालिच्याच्या बैठकीच्या खोलीत बसले की ऐंशी टक्के समजायचं. मी महिनोन्‌महिने माझी जर्मन कच्ची म्हणून रडले. पुढे कामात डीआयएन 18041 हे खोलीत बोलणं नीट ऐकू यावं यासाठीचं जर्मन प्रमाणक हाती आलं. त्याच्या 2016 च्या आवृत्तीत लिहिलंय की ऐकणारा कानाने अधू असेल किंवा बोलली जाणारी भाषा त्याची मातृभाषा नसेल, तर त्या खोलीत आवाज आणखी लवकर विरला पाहिजे. मातृभाषेतला गाळलेला शब्द मेंदू स्वतः भरतो, परक्या भाषेतला भरता येत नाही. ते वाक्य वाचून मी खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं, हे बेळगावसाठी लिहिलंय. ज्या गावात प्रत्येक काउंटरवर कुणीतरी दुसऱ्याच्या भाषेत ऐकत असतं, मराठी माणूस कन्नड, कन्नड माणूस हिंदी, आंध्रातून बदलून आलेला क्लार्क तिन्ही, त्या गावाला एकभाषी गावापेक्षा जास्त निवांत खोल्या लागतात. आमच्याकडे माणूस ऐकू न आल्यावर आवाज चढवतो, आणि चढलेला आवाज लगेच भाषेचा माज ठरतो. त्यातली किती भांडणं निव्वळ टाइल्सची असतात, हे ग्रुपवर लिहिलं असतं तर मला पुन्हा जर्मनीला धाडलं असतं.

मला आवाज नकोसे झालेत, हा आरोप मात्र लागला. वडगावच्या मागांची खटखट मी फोनवर रेकॉर्ड करून आणलीय. रविवारी दुपारी इथे इतकं सामसूम असतं की केरवोखेचा, म्हणजे जिना झाडायच्या पाळीचा, झाडूही दबकून चालवावा लागतो, तेव्हा मी ती लावते. चौदा वर्षांत या जिन्यात मला नावाने कुणी मोठ्याने हाक मारलेली नाही. बेळगावात उतरले की पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडावरून कुणीतरी ओरडतं, "कवा आलीस गे?" आणि त्या हाकेसाठी मी सातशे युरोचं तिकीट काढते. "तू आता आमच्यातली नाहीस" असं ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. त्या "तिकडं बसून"मध्ये मला ते ऐकू आलं.

त्या दिवसापासून बाबा बँकेत गेलेले नाहीत. पासबुक घेऊन शेजारचा मुलगा जातो. विचारलं तर म्हणतात, आता सगळं मोबाईलवर होतं की. त्यांना मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे.