दारात ठेवला तर पोलीस, कोपऱ्यावर टाकला तर पालिका

आज सकाळी आमच्या कोपऱ्यावर झाडणाऱ्या मावशींच्या अंगठ्यात काच घुसली. फुटक्या ट्यूबलाइटची काच. काळ्या पिशवीत, शिळ्या भाताच्या आणि कांद्याच्या सालींच्या खाली दडलेली. पिशवी उचलायला हात घातला आणि हातमोजा फाडून काच आत गेली. मी दूध घेऊन येत होते. मावशी "आई गं" एवढंच म्हणाल्या, पदराचं टोक अंगठ्याला गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं तीच पिशवी ढकलगाडीत टाकायला निघाल्या. मी म्हटलं, "मावशी, थांबा, आधी हात धुवा." तर म्हणतात, "रोजचंच हाय ताई. मुकादम यायच्या आत हा कोपरा निघाला पाहिजे."

रोजचंच! तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

हा कोपरा म्हणजे विजेच्या डीपीच्या मागची, पिंपळाच्या पाराला लागून असलेली जागा. पूर्वी तिथे कचऱ्याचा कंटेनर होता. शहर कंटेनरमुक्त करायचं ठरलं, कंटेनर उचलला, घंटागाडी सुरू झाली. गाडी साडेआठला येते, कर्णा लावून येते, चौथ्या मजल्यावर झोपलेल्यालाही जाग येते. तरीही लोकांचा हात त्याच जागी वळतो. सकाळी फिरायला निघताना हातात पिशवी. कामावर जाताना स्कूटरच्या हुकाला पिशवी; गाडी थांबवायचीसुद्धा नाही, जरा हळू करायची आणि भिरकावून द्यायची. रात्री जेवण झालं की शतपावलीच्या निमित्तानं आणखी एक पिशवी. हीच माणसं तिन्हीसांजेला घरातला केर काढू देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. आणि पारावर काय ठेवतात? तडा गेलेल्या तसबिरी, सुकलेले हार, देव्हाऱ्यातली जुनी वस्त्रं. देवाचं आहे, कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून कचऱ्याच्या ढिगाशेजारी ठेवतात.

आज मी ती पिशवी सोडली नाही. मावशींना घरी नेलं, हात साबणानं धुतला, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या म्हणून पैसे हातात दिले. मग खाली आले, काठी घेतली आणि पिशवी उघडली. भात, सालं, पावाचे तुकडे. बाळाचे तीन डायपर, कागदाचा कपटाही न गुंडाळलेले. दाढीचं ब्लेड. औषधाच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं. ट्यूबचे तुकडे, ज्यात पारा असतो. आणि तळाशी कुरिअरचं खोकं, त्यावरचा कागद जसाच्या तसा. नाव, विंग, फ्लॅट नंबर.

आमच्या समोरचीच इमारत. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, जिन्याखाली ओल्या-सुक्याचे दोन मोठे डबे आहेत. डब्यापर्यंत पंधरा पावलं, आमच्या कोपऱ्यापर्यंत शंभर. मग हा माणूस जास्तीची पंच्याऐंशी पावलं का चालतो? कारण डब्यापाशी वॉचमन विचारतो, "साहेब, वेगळा केलाय का?" कोपऱ्यावर विचारायला कुणी नाही. वेगळं करायला लागतात दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं वाचवण्यासाठी एका बाईचा अंगठा फाटला.

मी गेले वर. बेल वाजवली आणि पिशवी दारात ठेवली. उंबरठ्याच्या बाहेर, आत नाही. दारासमोर सुंदर रांगोळी होती, तिला धक्का लागू दिला नाही. गृहस्थ बाहेर आले, पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मी म्हटलं, "ही तुमची पिशवी, कोपऱ्यावर विसरला होतात." आधी म्हणाले आमची नाहीच. खोक्यावरचं नाव दाखवलं. मग आवाज चढला. "दारात कचरा आणून ठेवता? पोलिसांना बोलवू का? घरात म्हातारी आई आहे, लहान बाळ आहे, काय इन्फेक्शन झालं म्हणजे?"

म्हणजे कळतं. सगळं कळतं. घाण वाईट असते, तिनं माणूस आजारी पडतो, दुसऱ्याच्या दारात ती ठेवणं हा गुन्हा आहे, यातलं एक अक्षरही या माणसाला शिकवायची गरज नाही. फक्त उंबरठ्याबाहेरची जागा कुणाचं तरी दार आहे, हे त्याला मान्य नाही. मी त्या बाईंच्या अंगठ्याबद्दल सांगितलं. उत्तर आलं, "त्यांचं कामच आहे ते, त्याचा पगार घेतात. आम्ही टॅक्स भरतो." दार बंद.

टॅक्स! हा शब्द कानावर आला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. पाणीपट्टी भरता म्हणून नळ सोडून रस्त्यावर पाणी वाहू देता का? घरपट्टीच्या पैशात पालिकेनं रस्ते झाडायचे, घरटी कचरा न्यायचा, त्याची विल्हेवाट लावायची. तुमच्या बाळाचा डायपर रस्त्यावरून हातानं उचलायला माणूस पुरवायचा, हे कुठल्या पावतीवर लिहिलंय? घनकचऱ्याचे नियम 2000 साली आले, 2016 साली त्यांच्या जागी नवे आले, आणि त्यात ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. ट्यूबलाइट, जुनी औषधं, बॅटऱ्या, सुया हे सगळं त्यांनी त्या घातक कचऱ्यात धरलं. डायपर आणि पॅड नीट गुंडाळून द्यायचे हेही त्यात लिहिलं. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात, ओढ्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही, पुरायचं नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी तर लोकांना हात जोडून सांगितलं, की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. एक ठिपका! तेवढासुद्धा लोकांच्या हातून होत नाही.

दुपारी सोसायट्यांच्या ग्रुपवर कोपऱ्याचा फोटो टाकला. नाव झाकून. काय उत्तरं यावीत? "नगरसेवकांना कळवा." "सीसीटीव्ही बसवा." "तिथे देवाच्या टाइल्स लावा." आणि सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते या वाक्याला: "पलीकडच्या वस्तीतले लोक टाकतात हो." खोक्यावर विंग आणि फ्लॅट नंबर असलेली पिशवी मी या हातानं उघडलीय! पलीकडच्या वस्तीतल्याच आहेत मावशी. त्या वस्तीतली माणसं पहाटे पाचला उठून आपली घाण उचलतात, आणि घाणीचं नावही आपण त्यांच्याच माथी मारायचं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या जातींच्या वाट्याला टाकलं गेलं, हे आपल्या सगळ्यांना चांगलं ठाऊक आहे. "त्यांचं कामच आहे ते" या वाक्यात पगार कमी आणि ती जुनी वहिवाट जास्त आहे. कितीही इस्त्रीचे शर्ट घाला.

पालिकेला मी सोडणार नाही. कंटेनर उचलला तेव्हा त्या जागी दोन महिने माणूस उभा करायला हवा होता, सवय तुटली असती. केला नाही. अख्ख्या रस्त्यावर एक कचरापेटी नाही, बसस्टॉपवर नाही, शाळेच्या फाटकापाशी नाही. पोरानं केळ्याचं साल टाकायचं कुठे? ॲपवर तक्रार केली तर संध्याकाळी "निवारण झाले" असा मेसेज येतो आणि ढीग तिथेच. दंड आहे म्हणे. आठ वर्षांत आमच्या गल्लीत कुणाला दंडाची पावती फाटलेली मी पाहिली नाही. चारचाकी चुकीच्या जागी लावली तर अर्ध्या तासात जॅमर लागतो, मग कचऱ्याची पावती का फाटत नाही? मावशींना हातमोजे मिळतात ते असे, की ट्यूबच्या काचेसमोर टिकत नाहीत. यातला प्रत्येक मुद्दा मी पालिकेला लेखी विचारलाय आणि परत विचारणार आहे. पण पालिका कामचुकार आहे म्हणून मला रस्त्यावर पिशवी टाकायचा परवाना मिळत नाही. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि सुटून जातात.

मंडळांचंही तेच. गेल्या महिन्यात चौकात महाप्रसाद झाला. दुसऱ्या दिवशी चौकभर द्रोण, पत्रावळी आणि पाण्याचे प्लास्टिकचे पेले. त्याच 2016 च्या नियमांत सांगितलं होतं, की परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसं जमवायची तर कामकाजाचे तीन दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा. कार्यकर्त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, देवाचं काम आहे." जेवण वाढायला साठ पोरं होती. पत्रावळ्या उचलायला मावशी आणि त्यांची एक जोडीदारीण.

आणि त्या चकचकीत पुड्या. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, मावशींच्या झाडूत रोज पुड्या येतात. प्लास्टिकबंदी 2018 साली आली, भाजीवाला अजून पातळ पिशवी देतो आणि आपण हात पुढे करतो. वेफर्सचं पाकीट, शांपूची पुडी भंगारवालासुद्धा घेत नाही, त्याचे चार पैसे येत नाहीत. बनवणाऱ्या कंपन्यांनी स्थानिक संस्थांना पैशाची मदत करावी असं 2016 च्या नियमांत लिहिलं होतं. त्या पैशातला एक रुपया आमच्या कोपऱ्यापर्यंत आलेला मला दिसला नाही. पाकीट दुकानापर्यंत पोचवायची यंत्रणा खेडोपाडी उभी करता येते, तर ते परत न्यायची का येत नाही?

"उचलून नेतात ना शेवटी" म्हणणाऱ्यांनी नेतात कुठे ते एकदा बघावं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. 2017 च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि शहरात ढीग साचल्यावर शहराला कचरा आठवला. मुंबईचं देवनार 1927 पासून तेच सोसतंय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आभाळातून पडल्या नव्हत्या.

आमच्या सोसायटीच्या भिंतीवर गाडगेबाबांचं चित्र आहे, हातात खराटा. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, त्यांच्या तोंडून उत्तर काढायचे. 2 ऑक्टोबरला त्याच चित्राखाली आमच्या कमिटीनं नवे खराटे आणले, आधीच झाडलेल्या रस्त्यावर उभं राहून फोटो काढले आणि खराटे स्टोअररूममध्ये ठेवले. प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा पूर्ण काढलं नाही. ते वेष्टन सापडलं कुठे? पारापाशी.

उद्या सकाळी सहाला मी डीपीपाशी खुर्ची टाकून बसणार आहे. परवाही बसणार आहे. ज्यांना पिशवी टाकायची त्यांनी माझ्यासमोर टाकावी, आधी उघडून दाखवावी, काच आहे का, ब्लेड आहे का. ग्रुपवर हे लिहिलंय, आणि माझ्याबरोबर बसायला फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तयार झाल्यात, वय 78.

संध्याकाळी मावशींना फोन केला. इंजेक्शन घेतलंय. अंगठा ठणकतोय, सूज आहे. उद्या येऊ नका, आराम करा म्हटलं, तर म्हणाल्या, कंत्राटी आहे ताई, खाडा केला तर दिवसाचे पैसे कापतात. डाव्या हातानं झाडीन.