मोटरसायकल डिटेलिंगचा दर सीसीवर का ठरू नये

पुण्यातल्या बऱ्याच डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी कानाकोपऱ्यापर्यंत स्वच्छ आणि चकचकीत करून देणाऱ्या, दुकानांत दरपत्रक एकाच पद्धतीने लावलेले दिसते: दीडशे सीसीपर्यंत इतके, साडेतीनशे-चारशेपर्यंत इतके, त्यापुढे इतके. ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते, आणि गाडीमालक व कारागीर यांच्यातल्या बऱ्याच कुरबुरी तिच्यातूनच निघतात असे माझे मत आहे. सीसीवरून गाडीचा विमा ठरू शकतो. ती स्वच्छ करायला किती तास लागतील हे मात्र कळत नाही.

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि केटीएमची ३९० ड्यूक शेजारी उभ्या करून पाहा. बहुतेक दरपत्रकांत दोघी एकाच रकान्यात बसतात. ड्यूकला अलॉयची चाके आहेत, त्यांच्यात ब्रश फिरवला की काम उरकते. क्लासिकला स्पोकची चाके असतील तर प्रत्येक स्पोक वेगळा पुसावा लागतो, त्याच्या मुळाशी हबजवळ साचलेले चेनचे वंगण बारीक ब्रशने काढावे लागते, आणि इंजिनाच्या फिनांमधल्या (थंडाव्यासाठीच्या पातळ पात्यांमधल्या) अरुंद फटींत माती बसलेली असते ती वेगळीच. बारा वर्षे धूळ आणि ऑइल खाल्लेली स्प्लेंडर तर शंभर सीसीच्याही आतली. पण नव्या कोऱ्या साडेसहाशेच्या गाडीपेक्षा तिला दुप्पट वेळ लागला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. दर ठरायला हवा तो गाडीची अवस्था, तिच्या पृष्ठभागांचे प्रकार आणि लागणारे तास यांवर, आणि तोही गाडी प्रत्यक्ष पाहिल्यानंतर. फोनवर मॉडेलचे नाव ऐकून ठाम आकडा सांगणारा माणूस एक तर तोट्यात जातो किंवा काम आखडते घेतो. बहुधा दुसरेच होते.

‘गाडी केवढीशी, आणि पैसे कारएवढे?’ हा ग्राहकाचा नेहमीचा प्रश्न. कारचे इंजिन बॉनेटखाली झाकलेले असते. मोटरसायकलचे उघड्यावर असते आणि त्याच्या हातभर अंतरात रंगवलेला पत्रा, प्लॅस्टिक, रबर, क्रोम, ॲल्युमिनियम व तापलेले स्टील एकत्र नांदत असतात. एकाला चालणारे रसायन दुसऱ्याला चालत नाही. ॲलॉयसाठी आणलेले आम्लयुक्त क्लीनर उघड्या ॲल्युमिनियमवर राहिले तर पांढुरके डाग पडतात, आणि पेट्रोलने चेन धुतली तर तिच्यातल्या ओ-रिंगची (वंगण धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांची) वाट लागते.

आता पैशांचे बोलू. समजा, दोन माणसे दिवसभर एकाच गाडीवर बसली आणि एकेकाची मजुरी ८०० रुपये धरली, तर १,६०० रुपये तिथेच संपले. त्यावर जागेचे भाडे, वीज, पाणी, पॉलिशिंगचे पॅड व कंपाउंड, मायक्रोफायबरची फडकी आणि मालकाचा नफा. हा हिशेब मांडला की ९९९ रुपयांत ‘फुल डिटेलिंग, सोबत सिरॅमिक कोटिंग’ अशी जाहिरात वाचताना काय समजायचे ते समजून घ्यावे: गाडी धुतली जाईल, फवाऱ्याने काहीतरी चकचकीत मारले जाईल, आणि चार-सहा धुण्यांत ते निघून जाईल. असे काम करू नये असे मी म्हणत नाही, पण त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

खरे सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर बसणारा, मायक्रॉनच्या हिशेबातला अगदी पातळ थर असतो, आणि खाली जे आहे तेच तो टिकवून ठेवतो. टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे असतील, तर ते आधी पॉलिशिंगने काढल्याशिवाय कोटिंग मारणे म्हणजे ओरखड्यांवरच पैसे खर्च करणे होय. हे ओरखडे बहुतांशी येतात कुठून? सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीतल्या एकाच फडक्याने पंधरा गाड्या पुसतो, आणि आदल्या गाडीची वाळू तुमच्या टाकीवर घासली जाते. शिवाय जाकिटाची चेन आणि पट्ट्याचे बक्कल आहेतच. कोटिंगच्या बाटलीवरच्या ‘नाइन एच’ (9H) या छापाचा तर इतका बोलबाला झाला आहे की, हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे काही आपण घेतो आहोत असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते माप पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचे आहे. त्या थराने पाणी आणि चिखल लवकर निसटतो, धुणे सोपे होते. किल्लीचा ओरखडा मात्र तो अडवत नाही.

पॉलिशिंगबाबत आणखी एक. रंगावरचा पारदर्शक थर दर वेळी थोडा झिजवूनच चकाकी येते, म्हणून दरवर्षी ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची सवय गाडीला महाग पडते. टाकीच्या कडांवर तो थर आधीच पातळ असतो. पत्र्याच्या टाकीवर जाडी मोजणारे यंत्र लावता येते, पण प्लॅस्टिकच्या पॅनेलवर नेहमीचे यंत्र चालत नाही, तिथे कारागिराचा हातच भरवशाचा लागतो. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिशचे नावही काढू नये. घासलेली जागा चमकते आणि तो चकाकणारा डाग पुन्हा मॅट होत नाही. मॅट टाकीवरचे ओरखडे ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याकडून गाडी सरळ परत आणावी.

मालकाची तयारी हा या व्यवहाराचा दुर्लक्षित भाग आहे. दुसऱ्या दिवशी डिटेलिंग आहे म्हणून आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सेंटरवर डिझेल मारून गाडी धुऊन आणणारे लोक मी पाहिले आहेत. तो डिझेलचा तवंग काढण्यात कारागिराचा पहिला तास जातो आणि रबराचे नुकसान होते ते वेगळेच. गाडी आहे तशी मळकी न्यावी. सर्व्हिसिंग, चेन-स्प्रॉकेट बदलणे किंवा ऑइलची गळती बंद करणे ही कामे आधी उरकावीत, नाहीतर मेकॅनिकचे काळे हात नुकत्याच चकचकीत केलेल्या टाकीवर उमटतात. सीटखालची कागदपत्रे, मोबाइल होल्डर, बॅगा काढून ठेवाव्यात. कोणते स्टिकर ठेवायचे आणि कोणते काढायचे हे आधीच सांगावे, कारण जुने स्टिकर निघाले की खालचा न उडालेला रंग वेगळा दिसतो. एखादा भाग पुन्हा रंगवलेला असेल तर तेही लपवू नये. गॅरेजमधला रंग कंपनीच्या रंगाइतके घासणे सोसेलच असे नाही.

सायलेन्सरवर रेनकोटची पँट वितळून बसलेली असेल, तर ते दर ठरण्याआधीच दाखवावे. पावसाळ्यानंतर हा प्रकार दर चार गाड्यांमागे एकीला असावा असे वाटते. नळी किंचित गरम करून तो काळा थर मऊ करायचा, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडायचा आणि उरलेला डाग बारीक मेटल पॉलिशने घासायचा, यात तास सहज जातो. क्रोमवर किंवा स्टीलवर तो निघतो, पण काळ्या रंगाच्या सायलेन्सरवर रंगासकट निघण्याची भीती असते. या कामाचे वेगळे पैसे मागितले तर ते योग्यच आहेत.

वेळही विचारपूर्वक निवडावी. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक दुकानात रांग असते आणि घाईत केलेले काम घाईचेच दिसते. शिवाय पूजेत टाकीवर ओली हळद लागते आणि झेंडूच्या हाराची तार हेडलाइटवर घासते. कोटिंग करायचेच असेल तर दसरा होऊन जाऊ द्यावा, आणि त्यानंतर निदान एक दिवस गाडीला पाणी लागणार नाही अशी सोय पाहावी. कोकणातून परतलेली गाडी मात्र मुहूर्ताची वाट न पाहता धुवावी. खारा वारा बोल्टांवर आणि फिनांवर बसला की तिथे गंज धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि रेडिएटरमधली तांबडी माती वाळली की निघता निघत नाही. ती जोराच्या पाण्याने काढायला गेले तर रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात.

काम देताना जीएसटी धरून किती, पॉलिशिंगचे टप्पे किती आणि गाडीचे कोणते भाग सोडवणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी घ्यावे, आणि चारही बाजूंचे व मीटरचे फोटो काढून ठेवावेत. गाडी परत घेताना दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली नव्हे, बाहेर उन्हात पाहावी, कारण पॉलिशिंगचे गोल व्रण उन्हातच दिसतात. टायरला चकाकी आणणारे द्रव लावू नये असे बजावून सांगावे. कारला ते खपते, वळणावर झुकणाऱ्या दुचाकीला नाही. निघण्यापूर्वी जागेवरच दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, हॉर्न व इंडिकेटर तपासावेत, आणि ब्रेकच्या डिस्कवर कुठलेही पॉलिश उडालेले नाही याची खात्री होईपर्यंत उरलेले पैसे देण्याची घाई करू नये.