पॅचबेचा हम आणि तोडलेली अर्थ पिन

पॅचबे म्हणजे स्टुडिओतल्या सगळ्या उपकरणांच्या लाइन एकत्र आणून हव्या तशा जोडायची जॅकची पट्टी, आणि हम म्हणजे स्पीकरमधून येणारा सततचा गुणगुणाट. ‘हम येतोय? प्लगची अर्थ पिन काढा, सगळ्या शील्ड दोन्ही टोकांना तोडा, माइक पॅचबेतून कधीच नेऊ नका, जॅक सोन्याच्या मुलाम्याचेच घ्या.’ हा संदेश बरेच दिवस फिरतोय (शील्ड म्हणजे केबलच्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण). काल तो धाकट्या भावाकडे पोहोचला आणि तो पक्कड शोधू लागला, म्हणून लिहितोय.

आधी अर्थ पिन, कारण इथे जीव जाऊ शकतो. आतली मेनची वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर अर्थमधून मोठा करंट वाहतो आणि ब्रेकर पडतो. पिनच नसेल तर पेटीत वीज तशीच राहते. पॅचबे असेल तर प्रकरण आणखी वाईट: तो करंट ऑडिओ केबलच्या बारीक शील्डमधून दुसऱ्या उपकरणाच्या अर्थकडे धावतो, किंवा हातात गिटार धरून माइकला ओठ लावलेल्या माणसातून. पिन काढल्यावर हम थांबतो हे खरं, ग्राउंड लूप, म्हणजे अर्थ आणि शील्ड मिळून उपकरणांमध्ये बनलेलं करंटचं वर्तुळ, तुटतो म्हणून. पण लूप तोडायचा तो सिग्नलच्या बाजूला. सगळी उपकरणं एकाच सर्किटवर घ्या, पॅचबे पूर्ण सोडवा, मग एकेक लाइन जोडत जा. हम सुरू होईल त्या लाइनमध्ये १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल पुढे जातो, पण तारांचा थेट संबंध तुटतो) टाका.

शील्ड दोन्ही टोकांना तोडणं म्हणजे शील्ड नसणंच. अनबॅलन्स्ड केबलमध्ये (सिग्नलची एकच तार आणि शील्ड) तर शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये खरं दुखणं दाखवलं: शील्ड थेट पेटीला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली, की तिच्यातला करंट सिग्नलमध्ये घुसतो. पुढे त्याच सोसायटीचं एईएस४८ हे मानकही याच मुद्द्यावर आलं. म्हणून बॅलन्स्ड लाइन (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी शील्ड) आधी दोन्ही टोकांना जोडून बघा. हम राहिलाच तर फक्त इनपुट घेणाऱ्या उपकरणाच्या टोकाला शील्ड सोडा, उघड्या टोकावर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि केबलवर खूण करा. पॅचबेच्या वरच्या-खालच्या जॅकच्या स्लीव्ह (शील्ड जिथे जोडतात तो भाग) उभ्या जोडलेल्या हव्यात, नाहीतर नॉर्मल लाइनची (पॅच केबल न लावताही वरून खाली जोडलेली) शील्ड पॅचबेतच तुटते. सगळ्या स्लीव्ह आडव्याही जोडलेल्या असतील, तर अनबॅलन्स्ड सिंथ जोडताच नवे लूप तयार होतात. शेजारच्या दोन स्लीव्हवर मल्टीमीटर लावला की लगेच कळतं.

माइकबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. पॅचबेचा टीआरएस (तीन संपर्कांचा) प्लग घालताना फँटम, म्हणजे माइकला त्याच केबलमधून दिलेले ४८ व्होल्ट, क्षणभर शॉर्ट होतात. प्रत्येक तारेत ६.८ किलोओहमचा रेझिस्टर असल्याने करंट सुमारे ७ मिलिअँपिअरच राहतो, सप्लाय जळत नाही. धोका रिबन माइकला (आत धातूची पातळ पट्टी असते) आणि प्रीअँपच्या, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाच्या, इनपुटला. फँटम बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग पॅच करा. माइकसाठी एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरचं) पॅनेल केव्हाही बरं.

सोन्याचा आणि हमचा संबंध नाही. नॉर्मल कॉन्टॅक्टवर ऑक्साइड साचलं की खरखर येते. प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा, नाही गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनर.