निळ्या धुराचा हिशेब

मला स्पोर्ट क्वाड घ्यायची होती, म्हणजे वाळूत-मातीत पळवायची गाडी. तिला चार चाकं असतात, पण जीपसारखा तिचा काही उपयोग नसतो. मोटरसायकलसारखं हँडल असतं, पण मागे कुणाला बसवायची सोय नसते. सामानाला कॅरिअर नाही, पावसाला टप नाही. आमच्या गल्लीत ती चालवायला परवानगी नाही, म्हणजे जिथे चालवायची तिथपर्यंत तिला आधी दुसऱ्या गाडीत घालून न्यायचं. हे सगळं मी सांगलीला अण्णांना व्हिडिओ कॉलवर नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग म्हैसच का घेत नाहीस?"

अण्णांनी सिल्व्हर लेक पाहिलेलं नाही. मिशिगन राज्याच्या पश्चिम काठावर, लेक मिशिगनला लागून, वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत. 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर या काळात तिथला एक भाग अशा गाड्यांना मोकळा असतो. प्रत्येक गाडीला उंच काठीवर नारिंगी झेंडा लावावा लागतो, कारण टेकडीच्या पलीकडून कोण येतंय हे झेंड्याशिवाय दिसत नाही. आधी नुसता झेंडा वर येतो, मग हेल्मेट, मग चारही चाकं हवेत असलेली लाल क्वाड, आणि त्या क्वाडवर माझ्याहून वयाने मोठा, पोट सुटलेला एक गृहस्थ. चाळिशीतल्या माणसाला बिघडवायला एवढं दृश्य पुरतं.

आता माझ्या धंद्याबद्दल. डेट्रॉइटजवळच्या आमच्या गणपतीत एक खडा भिरकावला तर तो ब्रेकवाल्याला लागतो, नाहीतर ट्रान्समिशनवाल्याला. मी बिघाडवाला. गाडीचा एखादा भाग तयार होण्याआधीच तो कसा कसा मोडू शकेल याची यादी करायची, यासाठी मला पगार मिळतो. त्यामुळे जुनी, काम निघालेली गाडी घ्यावी की नाही हा निर्णय माझ्यासाठी डाव्या हातचा मळ असायला हवा, असा बायकोचा समज होता. प्रत्यक्षात बिघाडवाल्याला निर्णय घेता येत नाही. त्याला फक्त यादी वाढवता येते.

यामाहाची नवी रॅप्टर क्वाड घ्यायची तर नऊ-दहा हजार डॉलर मोजावे लागतात, म्हणून मी जुन्या बाजारात शिरलो. तिथे होंडाची टीआरएक्स 400 ईएक्स ही गाडी सापडली. 1999 साली आलेलं हे मॉडेल आहे. 397 सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. कमी भाग म्हणजे कमी बिघाड, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मला दिसलेली गाडी 2002 ची होती आणि या मॉडेलला रिव्हर्स गिअर आला 2005 साली. म्हणजे झाडासमोर अडकलो की उतरायचं आणि पावणेदोनशे किलोचं धूड हाताने मागे ओढायचं. हा मुद्दा मी अण्णांना सांगितला नाही.

किंमत चौदाशे डॉलर. जाहिरातीत तीन फोटो, त्यातल्या एकात फक्त कुत्रा. मजकूर असा, की गाडी थोडी धूर मारते, कार्ब्युरेटर साफ केला की पळेल. आता, काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तिथे कार्ब्युरेटरवर संशय घेता येतो. निळा धूर असेल तर तेल जळतंय आणि कार्ब्युरेटर काशीच्या गंगेत धुऊन आणला तरी तो जाणार नाही. मग पिस्टनच्या रिंगा तरी गेल्या असतात नाहीतर व्हॉल्व्हची सीलं, म्हणजे हेड उतरवा, सिलिंडर बोअर करा आणि दिवाळी गॅरेजमध्ये साजरी करा. मी विक्रेत्याला मेसेज केला, धूर कोणत्या रंगाचा आहे? उत्तर आलं, "धुराच्या रंगाचा."

मग मी रीतसर तक्ता मांडला. बिघाड झाला तर किती वाईट, होण्याची शक्यता किती आणि तो आधी लक्षात येणं किती अवघड, या तीन गोष्टींना 1 ते 10 गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. जास्तीत जास्त 1000. पिस्टनच्या रिंगांना मी 8, 6 आणि 9 दिले, झाले 432. मागच्या ॲक्सलचं बेअरिंग 210. पूर्णत्वासाठी एक ओळ 'बायकोला खर्चाचा खरा आकडा कळणे' अशी घातली. परिणाम 9, शक्यता 10, पण हे होणार हे आधीपासूनच लख्ख दिसत असल्यामुळे शेवटच्या रकान्यात 1. गुणाकार 90. म्हणजे बायको ही ॲक्सलच्या बेअरिंगपेक्षाही कमी धोकादायक ठरली. आमच्या धंद्यातल्या 2019 च्या नव्या हँडबुकाने हा गुणाकार रद्द करून प्राधान्य ठरवायची वेगळी पद्धत आणली. समितीतल्या कुणीतरी जुनी पद्धत घरी वापरून पाहिली असणार.

तक्ता चालू असतानाच मी आमच्या मिनीव्हॅनची सगळी मागची सीटं पाडून टेपने आतलं माप घेतलं. व्हॅनमध्ये चार फूट रुंद प्लायवूड सपाट बसतो आणि क्वाडची रुंदी त्याहून दोनेक इंच कमी. बसते! टेप गुंडाळत वळलो तर बायको दारात उभी. म्हणाली, "अजून ठरवतोयस ना?" मी म्हणालो, हो, सगळ्या बाजूंनी विचार चाललाय. "दिसतंय," ती म्हणाली, "लांबी झाली, रुंदी झाली. उंची घे."

लॅन्सिंगच्या उत्तरेला, मक्याच्या शेतांमध्ये त्या विक्रेत्याचं घर होतं. मागे पत्र्याचं मोठं कोठार. चौदा वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर आला होता, कारण ही गाडी आपल्यासाठी घेतली जाणार अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तो सीटवर बसला आणि त्याने फेंडरवरचं लेबल वाचून दाखवलं. सोळा वर्षांखालच्यांनी ही गाडी चालवू नये. "बाबा, मग ही कुणासाठी?" मी त्या वेळी टायरची नक्षी फार बारकाईने बघत होतो.

गाडी बघायला गेलं की आधी इंजिनला हात लावायचा, हे मला अण्णांनी त्यांच्या बजाज सुपरच्या काळात शिकवलंय. हात लावला तर इंजिन गरम. "तुम्ही येणार म्हणून तापवून ठेवली," तो म्हणाला, आपण पाहुण्यांसाठी आधण ठेवतो तशा आपुलकीने. पण सीलं गेलेली असतील तर धूर थंड इंजिन सुरू करतानाच दिसतो. तापलेल्या गाडीला विचारून काही उपयोग नाही. म्हटलं, थंड होऊ द्या. हवेवर थंड होणारं इंजिन हवेच्या सवडीने थंड होतं. तेवढ्या वेळात मला त्याच्या कमरेचं दुखणं, त्याची स्नोमोबिल आणि मेव्हण्याचा घटस्फोट एवढं सगळं समजलं. कार्ब्युरेटर साफ केल्यावर पळणार असेल तर तू तो का साफ केला नाहीस, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मेव्हण्यानंतर ते बरं दिसलं नसतं.

मधल्या वेळात मी तपासणी उरकली. पुढची चाकं वर-खाली हलवली तर दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट ढिले. मागचं चाक धरून हलवलं तर ॲक्सल बेअरिंगचा आवाज. स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेले, चेन लोंबलेली. टायटलचा, म्हणजे मालकीचा कागद मात्र होता, आणि तो त्याच्याच नावावर होता. या बाजारात हे दोन्ही एकाच घरी सापडणं भाग्याचं.

मग एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा उघडला आणि माझ्यातला बिघाडवाला जागा झाला. फिल्टर तेलाने निथळत होता.

या इंजिनाचं तेल खालच्या चेंबरमध्ये राहत नाही, त्याला वेगळी टाकी आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरतं. थंड गाडीची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी काढून बघणाऱ्याला ती कोरडी दिसते, तो बिचारा तेल ओततो. पुढच्या महिन्यात परत कोरडी, परत ओततो. खरं तर इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून लगेच पातळी बघायची असते. जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून एअरबॉक्समध्ये येतं, तिथून इंजिन ते ओढून घेतं आणि जाळतं. निळा धूर! रिंगा ठणठणीत असतानासुद्धा. मी विचारलं, तेल कधी बघता? तो अभिमानाने म्हणाला, "दर वेळी, सुरू करायच्या आधी."

पुढचा सगळा वेळ मी काय केलं ते बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. थंड इंजिन सुरू केलं, धूर निळा, दाट, कोठारभर. मुलगा बाहेर पळाला, कुत्रा त्याच्या मागून. इंजिन चालवून बंद केलं, डिपस्टिक पाहिली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर. त्याच्याकडून पाना मागितला, बादली मागितली, जास्तीचं तेल काढलं. गुडघ्यांवर बसून एअरबॉक्स पुसला, फिल्टर धुतला. परत सुरू केली. आधी सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळेपर्यंत धूर तसाच. मग विरळ. मग गेलाच. इंजिन इतकं सुरेल वाजायला लागलं की मुलगा परत आत आला. मालकाने फोन काढून फोटो घेतले. मला वाटलं, आठवण म्हणून घेत असेल.

आता घासाघीस. मी बॉल जॉइंटवर बोट ठेवलं, बेअरिंगवर ठेवलं, स्प्रॉकेटवर ठेवलं आणि गंभीरपणे हजार डॉलर म्हणालो. धुराचा विषय अर्थातच काढला नाही, कारण तो नव्हताच. तो म्हणाला, तेराशे. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. हे कुठल्याही देशात चालतं. त्याने मान हलवली आणि मला जाताना चार कणसं दिली.

घरी आल्यावर तक्त्यात रिंगांची शक्यता 6 वरून 2 केली. पण बायकोने दुसरीच बेरीज मांडायला घेतली होती. गाडी तेराशे. चेन-स्प्रॉकेट, बॉल जॉइंट, बेअरिंग मिळून चारशे. टायर तीनशे. बॅटरी. हेल्मेट, कारण ते सक्तीचं आहे. डोळ्यांचा गॉगल, तोही सक्तीचा. रॅम्प, कारण पावणेदोनशे किलो उचलून व्हॅनमध्ये कोण ठेवणार. टायटलची बदली, स्टिकर, झेंडा. "झेंड्याचे किती लावू?" तिने विचारलं. मी म्हणालो, झेंडा जाऊ दे, तो मी घरी शिवतो. बेरीज अडीच हजारांपुढे गेली. त्यात गाडीला तोळाभरसुद्धा नवं रूप आलेलं नव्हतं. अण्णांना कळवलं तर त्यांनी मुऱ्हा म्हशीचा भाव पाठवला. तोसुद्धा दुधासकट.

तरी मी अकराशेचा मेसेज लिहून ठेवला होता. पाठवण्याआधी सहज जाहिरात उघडली, तर किंमत सतराशे पन्नास. कुत्र्याचा फोटो काढून टाकलेला. नवा मजकूर असा होता: धूर अजिबात नाही, मोटार उद्योगातल्या इंजिनिअरने स्वतः तपासून दिली आहे. खाली पुरावा म्हणून फोटो. एअरबॉक्समध्ये डोकं घालून गुडघ्यांवर बसलेला एक माणूस, मागून.

बायकोने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. "हा शर्ट मी पुण्याहून आणला होता," ती म्हणाली. मग मजकूर परत एकदा वाचला. "इंजिनिअरने तपासलीय म्हणतोय. मग घ्यायला काय हरकत आहे?"

मी त्याला जरा कडक शब्दांत लिहिलं, की धूर मी घालवला, तेव्हा भाव मला तरी जुनाच हवा. दहा मिनिटांत उत्तर आलं. तुम्ही ओळखीतले आहात, तुम्हाला सोळाशेला देईन, पण शनिवारी येताना तो तेल बघायचा प्रकार परत एकदा दाखवाल का, मेव्हण्याचीही एक गाडी धूर मारते.