सोलरची वीज सेलसारखी नसते, मामा

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. मळ्यात सौर पंप बसलाय, उंदरांनी पॅनेलखालची वायर कुरतडलीय, आणि मामा भर दुपारी चिकटपट्टी घेऊन निघाले होते. म्हटलं, हात लावू नका. तर म्हणाले, "अगं, डीसी आहे ती. शॉक बसत नाही. ग्रुपवर आलंय." मग तो मेसेज त्यांनी मलाही पाठवला. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वाचून हात थरथरले माझे.

मेसेजचं म्हणणं असं: एसी व्होल्टेज सारखं उलटसुलट होतं, त्याची सरासरी शून्य, म्हणून 230 हा त्याचा वरचा आकडा, खरी वीज त्याहून कमीच. डीसी मात्र सेलसारखी सरळ वाहते, तिला हात लावला तरी काही होत नाही. डीसी माणसाला धरून ठेवत नाही, फेकून देते. आणि म्हणून पंप चालू असताना पॅनेलची वायर ओढून काढली तरी चालते.

पहिला मुद्दा पटकन संपवते, कारण तो बारावीच्या एका गणिताचा आहे. 230 हा वरचा आकडा नाहीच. घरातलं व्होल्टेज दर सेकंदाला शंभर वेळा सुमारे 325 पर्यंत जातं, कधी या दिशेनं, कधी त्या. सरासरी शून्य येते हे खरं, पण हीटरच्या कॉइलला दिशेशी देणंघेणं नसतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते आणि उण्याचा वर्गही अधिकच येतो. म्हणून वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतात. तेच आरएमएस, तेच 230. 52.9 ओहमची कॉइल 230 व्होल्ट डीसीवर 1000 वॉट उष्णता देते आणि 230 व्होल्ट एसीवरही तेवढीच. हे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणूनच तर आरएमएस काढतात.

आता तो सेल. टॉर्चच्या सेलला हात लावून काही होत नाही, कारण तो दीड व्होल्टचा आहे. तो डीसी आहे म्हणून नव्हे! शेतातल्या एका मोठ्या पॅनेलचं व्होल्टेज उन्हात चाळीस-पन्नास असतं, आणि पंपासाठी अशी आठ-दहा पॅनेलं एकामागे एक जोडतात. म्हणजे दोन टोकांमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट. पंप बंद केला तरी ते जात नाही. ऊन आहे तोवर पॅनेलकडच्या वायरीत व्होल्टेज आहेच. स्टार्टर पाडला की वायर मेली, ही विहिरीवरच्या मोटारीची सवय इथे जीव घेईल. टेस्टरवरही विसंबू नका. या वायरी बहुधा जमिनीला जोडलेल्या नसतात, त्यामुळे टेस्टर पेटेलच असं नाही.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं, की किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांची सरासरी 60 हर्ट्झच्या एसीला सुमारे 16 मिलिअँपिअर आली, डीसीला सुमारे 76. एसीनं मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. त्या मानानं डीसी सौम्य, हे खरं. पण पुढचं गणित मेसेजवाल्यानं केलेलं नाही. घामानं ओल्या हातांत दोन टोकं आली, शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला आणि व्होल्टेज 450, तर प्रवाह येतो 300 मिलिअँपिअर. 76 च्या जवळजवळ चौपट. आणि फेकून देते म्हणजे कुठे फेकते? मामांची पॅनेलं विहिरीच्या काठावर आहेत.

शेवटचा सल्ला तर लिहिणाऱ्यानं ताबडतोब मागे घ्यावा. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून बटण बंद करताना पडलेली ठिणगी लगेच विझते. डीसीला असा शून्याचा क्षण नाही. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला की ठिणगी विझत नाही, ती ताणत जाते, प्लास्टिक वितळतं, हात भाजतो, खाली वाळलेलं गवत असेल तर तेही पेटतं. डीसीसाठी वेगळा आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडचा प्रवाह तोडणारा खटका, देतात तो याचसाठी. त्याच्या जागी घरातला साधा एमसीबी (आपोआप पडणारा खटका) लावणारेही आहेत. त्यातही धोका आहे, कारण तो डीसीची ठिणगी विझवायला बनवलेलाच नसतो.

मामांना सांगितलं: कंट्रोलरवरून पंप बंद करा, मग आयसोलेटर पाडा, कुरतडलेल्या वायरीपासून लांब राहा, पंप बसवणाऱ्यांच्या माणसाला बोलवा. तो येईपर्यंत चारी बाजूंनी दोरी बांधा आणि नातवंडांना तिकडे फिरकू देऊ नका. संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. दोरी बांधली होती, चिकटपट्टी खिशातच होती. तो मेसेज त्यांनी गावातल्या आणखी दोन ग्रुपवर टाकला होता. तिथे हे सगळं पाठवायला त्यांनीच सांगितलंय.