मुखवटा ही केवळ वेशभूषा नव्हे

एल सांतो या मेक्सिकन पैलवानावरील एका लेखात ‘त्याचा चंदेरी मुखवटा हा प्रेक्षकांना खेचण्यासाठी केलेल्या वेशभूषेचा भाग होता’ असे जे विधान आहे, ते मला मुळीच पटले नाही. लुचा लिब्रे या मेक्सिकोच्या व्यावसायिक कुस्तीमध्ये मुखवटा ही पैलवानाने पणाला लावायची गोष्ट असते. मुखवट्याविरुद्ध मुखवटा अशी पैज लागली की हरणाऱ्याला भर रिंगणात चेहरा उघडा करून आपले खरे नाव सांगावे लागते. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी सांतोने ब्लॅक शॅडोचा मुखवटा असाच उतरवला आणि त्या पराभवाची सल मनात धरूनच ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्लू डीमन सांतोचा कट्टर प्रतिस्पर्धी झाला. हा प्रसंग लेखात यायलाच हवा होता.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मेक्सिको सिटीत असताना एका शुक्रवारी मी अरेना मेहिकोमध्ये कुस्त्या पाहिल्या. एका पैलवानाच्या मुखवट्याची मागची नाडी प्रतिस्पर्ध्याने सोडली, तेव्हा तो डावपेच विसरून दोन्ही हातांनी चेहरा झाकत खाली बसला आणि माझ्या शेजारच्या आजी संतापाने थरथरत उभ्या राहिल्या. सांतोने १९४२ पासून चार दशके जे जपले, ते हेच. १९८४ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, दूरचित्रवाणीवर त्याने मुखवटा क्षणभर थोडासा वर सरकवला. त्याचे दफन मात्र मुखवट्यासहच झाले.