‘वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाने केलेलं नुकसान

बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवतेय, आणि आज एक कबुली देऊन टाकते. त्यातली निम्मी वर्षं मी परराष्ट्र धोरण चुकीचं शिकवलं. माहिती सगळी बरोबर होती. सनावळ्या बरोबर, नावं बरोबर, मुलांना मार्कही उत्तम पडायचे. तरीही चुकीचं.

आमच्या विषयात एक अजरामर प्रश्न आहे: ‘भारताच्या परराष्ट्र धोरणाची वैशिष्ट्ये लिहा.’ अलिप्तता (अमेरिका आणि सोव्हिएत युनियन, दोघांच्याही गटात न जाणं), पंचशील (शांततेने सोबत राहण्याची पाच तत्त्वं), वसाहतवादाला विरोध, वंशभेदाला विरोध, निःशस्त्रीकरण, शेजाऱ्यांशी सलोखा. सहा मुद्दे, प्रत्येकाखाली चार ओळी, की मार्क खिशात. ही वैशिष्ट्ये नेमकी कोणत्या सालच्या भारताची, हे ना प्रश्न विचारतो ना उत्तर सांगतं. धोरण म्हणजे जणू हत्ती. चार पाय, एक सोंड, आजोबांच्या वेळी होता तसाच नातवाच्या वेळी.

त्यात भर म्हणजे देशांतर्गत धोरण वेगळ्याच पेपरात. योजना आयोग, हरितक्रांती, बँकांचं राष्ट्रीयीकरण दुसऱ्या सत्रात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या शिक्षकाकडे. प्रत्यक्षात निर्णय घेणारी माणसं तीच, तिजोरी तीच, झोप उडवणारी काळजीही तीच. पण मुलांच्या डोक्यात इंदिरा गांधी दोन असतात: एक बँकांवाल्या, एक बांगलादेशवाल्या.

हे मला खटकायला एक मुलगा कारण झाला. त्याने विचारलं, “मॅडम, १९७१ मध्ये सोव्हिएत युनियनशी करार केल्यावर अलिप्तता संपली की चालू राहिली? दोन गाइडांत दोन उत्तरं आहेत.” मी म्हटलं, “तत्त्व म्हणून चालू राहिली, व्यवहारात लवचीक झाली.” त्याने निमूटपणे ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्याने वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. त्या वाक्यात काहीही नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर मी वर्गाला मुद्दे देणं कमी केलं आणि तारखा द्यायला लागले. तारीख अशी द्यायची की त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच त्यांना माहीत. पुढचं काहीही वापरायचं नाही. सगळ्यात जास्त वापरलेली तारीख म्हणजे मार्च १९६६.

फळ्यावर मी एवढंच लिहिते. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८.९ कोटी टन अन्नधान्य पिकलं होतं. १९६५-६६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि आकडा ७.२ कोटी टनांवर आला. तूट भरून काढणारा गहू मुख्यतः अमेरिकेतून येतो, पीएल-४८० या कायद्याखाली, आणि त्याची किंमत रुपयांत चुकवता येते. परकीय चलनाची चणचण आहे. सप्टेंबरमध्येच पाकिस्तानशी युद्ध झालं. शास्त्रीजी जानेवारीत ताश्कंदला गेले ते परतले नाहीत. नव्या पंतप्रधानांना पदावर येऊन दोन महिने झालेत आणि त्या वॉशिंग्टनला निघाल्या आहेत. अध्यक्ष जॉन्सन धान्याचा दीर्घ मुदतीचा करार करायला तयार नाहीत. ते थोडं-थोडं धान्य सोडतात, प्रत्येक वेळी पुढचा हप्ता स्वतः हातात धरून ठेवतात. आणि व्हिएतनामवर अमेरिकेचे बॉम्ब पडतायत, ज्याला भारताचा विरोध आहे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आता सांगा, व्हिएतनामबद्दल काय बोलायचं?

वर्ग पेटतो. एक गट म्हणतो, तोंड मिटून गहू घ्या, नंतर बोला. दुसरा गट स्वाभिमानावर येतो. त्यांना मी विचारते, रेशनच्या रांगेत उभं राहून हेच म्हणाल का? तिसरा गट दरवर्षी हमखास निघतो: सोव्हिएत युनियनकडून धान्य घ्या की! मग मी त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट ठेवते. १९६३ मध्ये पीक बुडाल्यावर खुद्द सोव्हिएत युनियननेच कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडून गहू विकत घेतला होता. शांतता पसरते. ही शांतता मला फार आवडते, कारण पहिल्यांदाच त्यांना कळतं की सरकारसमोरच्या यादीतले सगळेच पर्याय वाईट असू शकतात.

मग पुढची पानं उलटायची. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. अमेरिकेपुढे झुकलात, असा देशात टीकेचा भडिमार झाला, स्वतःच्या पक्षातूनही. आणि जुलैत इंदिराजी मॉस्कोला गेल्या. तिथल्या संयुक्त निवेदनात व्हिएतनामबद्दल जी भाषा आली तिने वॉशिंग्टन आणखी चिडलं. त्याच सुमारास १९६६ चा पाऊसही फसला. म्हणजे झुकल्याचा ठपका बसला तो बसलाच, गहू मात्र थेंबथेंबच येत राहिला.

मुलं विचारतात, मग हे यश की अपयश? मी म्हणते, थांबा, दुसऱ्या पेपरात जाऊ.

दुसऱ्या पेपरात चिदंबरम सुब्रमण्यम आहेत, १९६४ पासून अन्न आणि शेती खात्याचे मंत्री. हमीभाव ठरवायला आयोग आणि खरेदी-साठवणीसाठी अन्न महामंडळ, दोन्ही १९६५ मधली. आणि ज्या वर्षी डॉलर-डॉलर मोजला जात होता त्याच १९६६ मध्ये मेक्सिकोहून भरघोस पीक देणाऱ्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं मागवलं गेलं. खायला गहू नसताना पेरायला गहू विकत आणायचा, तेही परदेशातून! याला विरोध झाला आणि तो करणारे मूर्ख नव्हते. डाव्यांना यात अमेरिकेचा हात दिसत होता, अर्थ खात्याला खर्च दिसत होता, काही तज्ज्ञांना परदेशी वाण इथे टिकतील का ही शंका होती. विरोधकांचे मुद्दे त्या दिवशी वाजवी वाटले पाहिजेत, असा माझा वर्गात हट्ट असतो. ते वाजवी वाटले नाहीत तर आपण शेवट आधीच वाचून आलोय असं समजायचं.

१९६७-६८ मध्ये गव्हाचं पीक आधीच्या विक्रमी सव्वा कोटी टनांवरून एकदम दीड कोटीच्या वर गेलं. सुब्रमण्यम मात्र १९६७ ची निवडणूक हरले होते. धोरणाचं फळ आणि धोरणकर्त्याची मुदत यांची क्वचितच गाठ पडते. आम्ही मात्र गाइडात छापतो, ‘अमुक यांच्या कारकिर्दीत हरितक्रांती झाली.’

१९७०-७१ ला अन्नधान्य १०.८ कोटी टनांवर पोचलं. आता ९ ऑगस्ट १९७१ उघडायचा, त्या मुलाचा करार. सीमेपलीकडून निर्वासितांचे लोंढे येतायत, आकडा पुढे एक कोटीच्या घरात जाणार आहे. जुलैत अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला जाऊन आलेत. करार झाला तो या कारणांमुळे, गव्हामुळे नाही, हे मी स्पष्ट सांगते. नाहीतर मुलं सगळ्याच गोष्टी गव्हाला चिकटवतात. पण डिसेंबरमध्ये युद्ध सुरू झालं, अमेरिकेने मदत रोखली, तेव्हा दिल्लीला १९६६ सारखं बंदराकडे डोळे लावून बसावं लागलं नाही. १९७१ मध्ये ‘नाही’ म्हणण्याची ऐपत आली, आणि ती शेती खात्यातून आली होती. अलिप्तता संपली की चालू राहिली या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. आणि गंमत पाहा, ते परराष्ट्र धोरणाच्या पेपरात लिहिलं तर तपासनीस ‘विषयांतर’ असा शेरा मारील.

इथे जरा आडवाटेला जाते. मार्च १९६६ साठी मी जी मूळ कागदपत्रं वापरते त्यातली बरीचशी अमेरिकेची आहेत. त्यांचं परराष्ट्र खातं १८६१ पासून आपली कागदपत्रं खंडाखंडांनी छापत आलंय, आणि आता ती घरबसल्या वाचता येतात. आपल्याकडे सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ पासून आहे, पण कपाटं उघडतात ती कण्हत-कण्हत. परिणाम असा की माझ्या विद्यार्थ्यांना जॉन्सन चिडले की काय बोलायचे ते ठाऊक असतं, आणि साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे दिल्लीत आपल्या परराष्ट्र खात्यात, त्या दिवशी कोण काय म्हणालं ते नसतं. आपल्या धोरणाचा इतिहास आपण दुसऱ्याच्या खिडकीतून बघतो. मुलांना हे सांगून ठेवावं लागतं, नाहीतर काही महिन्यांत ती भारताबद्दल ‘ते’ म्हणून बोलायला लागतात.

सगळी धोरणं अशी संकटात बदलत नाहीत. काही शब्दही न बदलता बदलतात. त्यासाठी जपान. मे १९४७ पासून लागू असलेल्या त्यांच्या राज्यघटनेचं नववं कलम सांगतं की जपान युद्धाचा त्याग करतो आणि भूदल, नौदल, हवाई दल ठेवणार नाही. आजवर त्यात काना-मात्रेचाही बदल नाही. आता तारखा बघा. १९५० मध्ये शेजारी कोरियात युद्ध पेटलं आणि ७५,००० जणांचं ‘राखीव पोलीस दल’ उभं राहिलं. १९५४ मध्ये त्याच रोपट्याचं ‘स्वसंरक्षण दल’ झालं. १९७६ मध्ये संरक्षण खर्चावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. आखाती युद्धात सैन्य न पाठवता सुमारे १३ अब्ज डॉलर दिले, आणि आभार मानताना कुवेतने जपानचं नावच घेतलं नाही. तो सल इतका खोल गेला की १९९२ मध्ये शांतिसेनेत माणसं पाठवण्याचा कायदा झाला. २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने कलमाचा नवा अर्थ लावला आणि मित्रदेशावर हल्ला झाला तर काही अटींवर लढता येईल असं ठरवलं. २०२२ च्या डिसेंबरात खर्च दोन टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं.

‘जपानच्या परराष्ट्र धोरणाची वैशिष्ट्ये लिहा’ म्हटलं तर मुलं ‘शांततावाद’ लिहितील. चूकही म्हणता येणार नाही, कलम तर आहेच. एका मुलीने यावर मस्त शब्द काढला होता: “मॅडम, हे तर भाडेकरूने आतून घर बदललंय, बाहेरची पाटी तीच.” मी तिची उपमा आता स्वतःची म्हणून वापरते.

आणि मग आहे टीव्हीचा लाडका शब्द, ‘यू-टर्न’. या शब्दाने मुलांची विचारशक्ती जेवढी आखडते तेवढी मोबाइलनेही आखडत नसेल. त्यावर माझा उतारा म्हणजे भारत-बांगलादेश सीमा करार. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाच्या जमिनीचे तुकडे, असे एकूण १६२. १११ आपले त्यांच्याकडे, ५१ त्यांचे आपल्याकडे. प्रश्न सोडवायचं नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी १९५८ मध्येच ठरवलं होतं. त्यात बंगालमधल्या बेरुबाडीचा भाग पाकिस्तानला देण्यावरून वाद उभा राहिला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि मुजीबूर रहमान यांनी करारावर सह्या केल्या. बांगलादेशाने लगेच मान्यता दिली. आपल्याकडे घटनादुरुस्तीचं विधेयक संसदेत यायला डिसेंबर २०१३ उजाडला, आणि तेव्हा भाजपने त्याला विरोध केला. मे २०१५ मध्ये भाजपच्याच सरकारने ते आणलं आणि दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात पडलं नाही. शंभरावी घटनादुरुस्ती. ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. सहीपासून ४१ वर्षं.

वर्गातली अर्धी मुलं ‘दुटप्पीपणा’ म्हणतात, उरलेली ‘मुत्सद्देगिरी’. कोण काय म्हणणार हे घरी कुठलं चॅनल लागतं त्यावरून मला आधीच सांगता येतं. मी दोघांनाही एकच काम देते: दोन तारखांच्या मधे काय-काय बदललं ते लिहून आणा. कोण सत्तेत होतं, ढाक्यात कोण होतं, कोलकात्यात काय चाललं होतं, आसामातून कोणता दबाव होता. त्यातून दुटप्पीपणा निघाला तर निघू दे, माझी हरकत नाही. फक्त तो शोधून निघावा.

या पद्धतीचे तोटेही सांगते, नाहीतर सहकारी म्हणतील फेसबुकवर फुशारकी मारते. एक तारीख तीन-तीन तास खाते, अभ्यासक्रम उरतो. दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. मुलं फार समजूतदार होतात. प्रत्येक निर्णयाला ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणून माफ करायला लागतात. परिस्थिती समजून घेणं आणि तिच्यामागे माणसाला लपू देणं यांतली रेघ मला अजून नीट शिकवता आलेली नाही. सध्या एवढंच करते: टेबलावर दुसरा कागद होता का, हे विचारायला लावते. बऱ्याचदा असतो. १९९१ च्या आर्थिक सुधारणांसारखा मोठा बदलही संकटाने एका रात्रीत सुचवला नव्हता. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आदल्याच वर्षी, व्ही. पी. सिंगांच्या काळात, एका टिपणात मांडून झाल्या होत्या. कागद होता, तो पुढे सरकवायची निकड नव्हती.

यंदा अंतर्गत चाचणीत मी मुद्दाम तोच जुना प्रश्न घातला, ‘परराष्ट्र धोरणाची वैशिष्ट्ये लिहा’. कोण काय करतं बघू म्हटलं. बहुतेकांनी सहा मुद्दे ओतले. एका पठ्ठ्याने मात्र प्रत्येक मुद्द्यापुढे साल लिहिलं. त्याला दहापैकी आठ दिले. दोन कुठे गेले, विचारायला तो आला.

म्हटलं, “पंचशीलापुढे तू १९५४ लिहिलंस. तो चीनशी झालेला तिबेटबद्दलचा करार. किती वर्षांचा होता?”

“कायमचा ना?”

“आठ वर्षांचा. नूतनीकरण झालं नाही.”

त्याने बोटांवर मोजलं. “म्हणजे १९६२? युद्धाच्या आधी की नंतर?”

“जूनमध्ये संपला.”

तो मार्कांचं विसरून तसाच ग्रंथालयाकडे गेला.